डेटोनाची ट्रक शर्यत: बाबांना घेऊन जायचं आहे, सल्ला हवा

गोदाकाठची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही ऑर्लँडोला राहतो. आई-बाबा नाशिकहून आलेत, मार्चपर्यंत आहेत. बाबांनी ३१ वर्षं ट्रक चालवला, बहुतेक सगळा मुंबई-आग्रा रस्त्यावर. कसारा घाट त्यांना पाठ आहे. इथे आल्यापासून त्यांचा जीव रमत नाही. थीम पार्कला नेलं तर दोन तासांत बाकावर बसून राहिले. परवा टीव्हीवर इथल्याच फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकवरच्या ट्रक शर्यतीची जाहिरात लागली आणि खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "ट्रकची शर्यत? इथे जवळ?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. फेब्रुवारीतल्या शुक्रवारी रात्री असते एवढं कळलं. आम्ही घरातलं कोणीच कधी गेलेलो नाही. बाबा ६८ वर्षांचे, गुडघे दुखतात, आणि पूर्ण शाकाहारी. मुलगा ९ वर्षांचा. झेपेल का? कुठे बसावं? की सरळ रविवारची डेटोना ५००, म्हणजे मोटारींची मोठी शर्यत बघावी?

जॅक्सनव्हिलकर

ताई, नक्की न्या. आणि पहिल्यांदा जाताय तर शुक्रवारचीच बघा. रविवारी गर्दी अफाट, तिकीट कितीतरी पट महाग, आणि पार्किंगपासून चालणं भरपूर. शुक्रवारी तोच ट्रॅक, तेच दिवे, पण हातपाय पसरून बसता येतं. हंगामातली पहिलीच शर्यत असल्यामुळे सगळे चालक भुकेले असतात.

आधी बाबांना एक सांगून ठेवा, म्हणजे तिथे जाऊन हिरमोड होणार नाही. हे आपले दहा चाकी ट्रक नव्हेत. अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात. शेवरले सिल्वराडो, फोर्ड एफ-१५०, टोयोटा टुंड्रा, आणि २०२६ पासून रॅमसुद्धा. वरचा आकार पिकअपचा, आतून पक्की शर्यतीची गाडी. नासकार ही इथली मोटार शर्यती भरवणारी संस्था, तिची ही ट्रक शर्यतींची मालिका १९९५ मध्ये सुरू झाली, डेटोनाला २००० साली आली.

बसायला शक्य तितकं वर घ्या. स्वस्त मिळतात म्हणून खालच्या रांगा घेऊ नका. खालून फक्त रंगांचा एक पट्टा सर्रकन जाताना दिसतो, मग पुढचा पाऊण मिनिट काही नाही. वरून अख्खा अडीच मैलांचा ट्रॅक दिसतो, मधलं तळंही दिसतं. हो, ट्रॅकच्या आत खरंखुरं तळं आहे, लेक लॉइड. गुडघ्यांची काळजी नको. २०१६ मध्ये प्रेक्षकांच्या स्टँडचं नूतनीकरण झालं तेव्हापासून सरकते जिने आणि लिफ्ट आहेत.

शनिवारची_पहाट

मी पुण्यातून लिहितोय. "ट्रकची शर्यत" म्हटलं की आपल्याकडे टाटांची ती प्रायमा ट्रकची शर्यत आठवते, २०१४ पासून ग्रेटर नॉइडाच्या बुद्ध सर्किटवर व्हायची. ते खरे मोठे ट्रक होते, वेग मात्र मुद्दाम आवरलेला. बाबांच्या मनात तेच चित्र असेल, म्हणून जॅक्सनव्हिलकरांचं म्हणणं अगदी योग्य, आधी सांगाच.

बाबांना अजून एक सांगा. आपला नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये याच ट्रक मालिकेत उतरला होता. नासकारमध्ये उतरलेला पहिला भारतीय. मार्टिन्सव्हिलच्या पहिल्याच शर्यतीत १३ वा आला, आणि त्या वर्षी मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून चाहत्यांनी त्यालाच निवडलं. मीही तेव्हा मत दिलं होतं. तेव्हापासून ही मालिका बघतोय. तिकडे संध्याकाळी साडेसातला सुरू झाली की इकडे शनिवारी पहाटेचे सहा वाजलेले असतात.

तिरपा_रस्ता

बाबांना नियम समजावताना त्यांच्याच भाषेत समजावा, चटकन कळेल. वळणावर रस्ता ३१ अंशांत तिरपा केलाय. मी गाइडबरोबरच्या फेरीत त्या उताराच्या पायथ्याशी उभा राहिलो होतो. हात टेकल्याशिवाय चढताच येईना, डांबरावर तळवे खरवडले. घाटातल्या वळणावर बाहेरची कड थोडी उचललेली असते ना, तेच, पण भिंतीसारखं. म्हणून तर ताशी २९० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने वळण घेता येतं.

दुसरं म्हणजे हवा. इंजिनात जाणारी हवा मुद्दाम कमी केलेली असते, त्यामुळे सगळे ट्रक जवळपास सारखेच पळतात. एकट्याने कोणी सुटू शकत नाही. पुढच्याच्या मागे चिकटून चाललं की वाऱ्याचा मार कमी लागतो. हायवेवर मोठ्या कंटेनरच्या मागे आपली गाडी कशी हलकी होते, ते बाबांइतकं कोणाला माहीत असणार! इथे त्याच्यावरच सगळा खेळ. पिकअपचं तोंड बोजड, त्यामुळे मागे वाऱ्याचा मोठा आडोसा तयार होतो. रांग करून, एकमेकांना मागून ढकलत जातात. जो रांगेतून बाहेर पडला आणि ज्याच्या मागे कोणी आलं नाही, तो बघता बघता दहा जागा मागे जातो.

आणि एक चुकला की मागचे पंधरा त्यात सापडतात. २०१९ मध्ये शेवटी धावत होते फक्त ९ ट्रक. मुलाला आधी सांगून ठेवा की गाड्या आदळतात, पण चालक बहुतेक वेळा स्वतः बाहेर पडून चालत जातात. त्याला पहिल्यांदा बघताना भीती वाटू शकते. माझी मुलगी रडली होती.

मेथीचे_ठेपले

कानांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. तिघांच्याही कानांची सोय घरून करून न्या. मुलाला जाड कानपट्ट्या, नुसते फोमचे बोळे नकोत. पहिल्या फेरीला छातीत धडधड होते इतका आवाज असतो.

थंडी! फेब्रुवारीत रात्री समुद्रावरून वारा येतो आणि स्टँड उंच. बाबांना स्वेटर, कानटोपी, मांडीवर पांघरूण. दुपारच्या उन्हावर जाऊ नका.

शाकाहारी म्हणाल तर आत फ्राइज, पिझ्झा, प्रेट्झेल. आम्ही ठेपले आणि चटणी सँडविच नेतो. काचेचं काही नको, आणि पिशवीच्या मापाचे नियम निघायच्या आदल्या दिवशी ट्रॅकच्या साइटवर बघा. मुलांच्या तिकिटाची सवलतही काढतानाच बघा.

जॅक्सनव्हिलकर

कानटोपीला माझंही अनुमोदन. आय-फोर हायवेवर शुक्रवारी संध्याकाळी अडकाल, दुपारी तीनलाच निघा. लवकर पोचलात तर शेजारच्या मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये १९३५ ची निळी ब्लू बर्ड ही वेगाच्या विक्रमाची गाडी बघा. मॅल्कम कॅम्पबेलने ती इथल्याच समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत, ताशी २७६ मैलांनी पळवली होती. बाबा तिथून हलणार नाहीत.

पावसाची तयारी ठेवा. २०२३ ची शर्यत पावसाने ७९ फेऱ्यांवरच संपवली होती, एरवी १०० असतात. आणि कृपया पार्किंगच्या गर्दीला घाबरून ९० व्या फेरीला उठू नका. २०२० मध्ये ग्रँट एन्फिंगर एक शतांश सेकंदाने जिंकला. २०२५ मध्ये तर पार्कर क्लिगरमन पहिला आला, जल्लोष झाला, आणि नंतरच्या तपासणीत ट्रकची मागची उंची कमी भरली म्हणून बाद झाला. विजय कोरी हाइमला मिळाला. शर्यत संपल्यावर तासभर जागेवरच बसा, ठेपले तेव्हा खा, मग निघा.

गोदाकाठची_लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! चार तिकिटं काढली, सर्वांत वरच्या मजल्यावरची. आई पण येतेय.

काल जेवताना बाबांना सगळं वाचून दाखवलं. कंटेनरच्या मागे चालण्याचं ऐकून हसले, म्हणाले, "पण मागचं दिसत नाही रे त्यात." मग बराच वेळ गप्प होते. हात धुताना विचारलं, "ह्यांच्याबरोबर क्लीनर असतो का?" मला उत्तर देता आलं नाही.

तिरपा_रस्ता

असतो! गाडीत नाही, स्टँडच्या अगदी वर, छतावर उभा असतो. त्याला स्पॉटर म्हणतात. प्रत्येक ट्रकचा आपापला. डोक्याला पट्ट्यांनी जखडलेल्या चालकाला बाजूचं काही दिसत नाही, म्हणून तो वरून रेडिओवर सांगत राहतो: आत एक आहे, अजून आहे, अजून आहे, गेला, ये बाहेर. आपला क्लीनर डाव्या दाराला लटकून पत्र्यावर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो, तेच काम.

तिथे हेडफोनसकट स्कॅनर भाड्याने मिळतो, त्यावर चालक आणि स्पॉटरचं बोलणं थेट ऐकू येतं. कानांचंही रक्षण होतं. बाबांसाठी एक घ्याच. इंग्रजी नाही समजलं तरी चालेल, सूर ओळखीचा वाटेल त्यांना.