सातपुड्यातील शाळेसाठी पावरी शब्दसंग्रह : मदत हवी आहे

नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, म्हणजे धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या एका डोंगरावरील प्राथमिक शाळेत माझी यंदा बदली झाली आहे. येथे गाव म्हणजे एकसलग वस्ती नसून एकमेकांपासून दूर, टेकड्यांवर विखुरलेले पाडे असतात आणि वर्गातील जवळजवळ सर्व मुले घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलतात. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर कौलारू झोपडी काढून खाली ‘घर’ असे लिहिले, तर सारा वर्ग गप्प. मागच्या एका मुलीने त्याचा पावरी शब्द हळूच उच्चारला आणि मग सगळेच एकदम बोलू लागले. अडचण मुलांची नसून माझी आहे, हे तेव्हाच कळले.

पहिली-दुसरीसाठी वापरता येईल असा पावरी-मराठी शब्दसंग्रह किंवा गोष्टींची द्विभाषिक पुस्तिका कोणाकडे आहे का? शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील मोलगीच्या बाजूची भिली बोली वेगळी असल्याने तिकडचे साहित्य जसेच्या तसे चालेल असे वाटत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात व बरीचशी होळीला परततात. त्यामुळे शब्द गोळा करण्याचे काम मला पावसाळ्यातच उरकायचे आहे. आमचूरासाठी कैऱ्या चिरून वाळवणाऱ्या आजीबाईंकडून शेतीचे शब्द मिळतील, परंतु पावरीतील उच्चार देवनागरीत नेमके कसे लिहावेत, हेही अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे.