टोळी म्हणजे फक्त पिस्तूलवालेच का? बँक बुडवणाऱ्यांना मोक्का लावावा की नाही

डोंबिवलीचा चाकरमानी

२३ सप्टेंबर २०१९ ची तारीख मुंबई-ठाण्यातल्या लाखो घरांत पाठ आहे. रिझर्व्ह बँकेने पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि सांगितलं, सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढा. स्वतःचेच पैसे! ओरड झाल्यावर मर्यादा हळूहळू वाढली.

पुढे जे बाहेर आलं ते असं. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के कर्ज एकट्या एचडीआयएल या बिल्डर गटाकडे. तेव्हाच्या नियमाने एका गटाला बँकेच्या भांडवली निधीच्या ४० टक्क्यांवर कर्ज देता येत नव्हतं. ही थकलेली कर्जं लपवायला २१,०४९ खोटी खाती तयार केली, असा पोलिसांचा आरोप आहे.

आता मला सांगा, वर्षानुवर्षं, पगारी माणसं लावून, कामं वाटून, दर तपासणीला नवे कागद रंगवून जे चालतं त्याला टोळी नाही तर काय म्हणायचं? मोबाइल हिसकावणाऱ्या पोरांवर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कडक कायदा, लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. आणि कागदावरच्या गुन्ह्याला तो लागत नाही असंही नाही. तेलगीच्या हातात कुठे बंदूक होती? तरी बनावट मुद्रांकांच्या खटल्यात पुण्याच्या मोक्का न्यायालयाने २००७ मध्ये त्याला सक्तमजुरी आणि कोट्यवधींचा दंड ठोठावला. मग बँक बुडवणारे वेगळे कसे?

जमाखर्च

साफ असहमत. पंचवीस वर्षं सहकारी बँकांचे हिशेब तपासलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही २१ हजार खाती कशी खपली ते बघा. ती दाखवली होती ठेवतारण कर्जं म्हणून, म्हणजे बँकेतल्याच ठेवीच्या तारणावर दिलेली, रकमाही लहान लहान. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रातच हे होतं की, रकमा लहान आणि तारण ठेवीचं, त्यामुळे ती खाती तपासली गेली नाहीत. तपासणीला येणारा माणूस वरची मोठी खाती काढून बघतो. ठेवतारण म्हटलं की पान उलटतो, कारण ठेव बँकेकडेच असते, बुडणार काय?

पण ठेवतारण कर्ज दिलं की त्या ठेवीच्या खात्यावर बोजाची खूण करावी लागते. कर्जांची यादी एका हातात, बोजा असलेल्या ठेवींची यादी दुसऱ्या हातात. शंभर नावं जुळवून बघा. ज्या कर्जामागे ठेवच नाही ते लगेच उघडं पडतं. एका दुपारचं काम आहे हो! चहा दोनदा होतो तेवढ्यात.

फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत काय झालं? १२२ कोटींची रोकड वहीत होती, तिजोरीत नव्हती. नोटा मोजायला कुठला कायदा कमी पडला होता?

मोक्का आणा नाहीतर फाशी. जो मोजतच नाही, त्याला चोर दिसणार कुठून?

काळा कोट

दोघांच्याही मधे येतो. सुरुवातीलाच एक, पीएमसीचा खटला निकाली लागलेला नाही, तेव्हा ‘आरोपी’ म्हणू या.

मोक्क्यात हिंसेबरोबर ‘इतर बेकायदा मार्ग’ही आहेत, त्यामुळे कागदी गुन्हा बसतो. अडचण पुढे आहे. मागच्या दहा वर्षांत त्या टोळीवर एकापेक्षा जास्त आरोपपत्रं हवीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. बिल्डरची पाटी इथे सहसा कोरी निघते. शिवाय गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी, खटल्याला त्याहून वरची.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये आर्थिक गुन्हा संघटित गुन्हेगारीत धरला आहे, बँकेची फसवणूकही त्यात येते. पण दहा वर्षांतल्या आरोपपत्रांची अट तिथेही आहेच. आणि २०१९ च्या प्रकरणाला ते मागे जाऊन लावता येत नाही.

पोटतिडीक

थोडक्यात, पहिला दरोडा घरचा समजून माफ 😀

कऱ्हाडची माई

तुमचं सगळं वाचलं. आमच्याकडची गोष्ट सांगते, पतसंस्थेचं नाव घेत नाही. ह्यांच्या निवृत्तीचे पैसे तिथे ठेवले होते, कारण अध्यक्ष आमच्याच आळीतले, लग्नकार्यात पुढच्या खुर्चीवर बसणारे. पतसंस्था बुडाली, ठेवीदार संरक्षण कायद्याखाली गुन्हा झाला, अध्यक्ष आत गेले. आम्ही पेढे वाटले, खोटं कशाला सांगू. तीन महिन्यांत जामिनावर बाहेर आणि परत पुढच्या खुर्चीवर.

त्यांच्या जमिनीवर जप्ती आली. मी स्वतः सातबारा काढून आणला, इतर हक्कात बोजा चढलेला डोळ्यांनी पाहिला. त्याला सहा वर्षं झाली. लिलाव नाही. प्रांत ऑफिसात विचारलं की म्हणतात कोर्टात आहे, कोर्टात विचारलं की म्हणतात प्रांतांचा अहवाल यायचाय. दादा, मला मोक्का नको, मला तो लिलाव हवाय.

डोंबिवलीचा चाकरमानी

माई, तुमच्यापुढे काय बोलणार. पीएमसीचंही तेच झालं. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून सुटल्या, वरची रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांवर गेली. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता!

पण जमाखर्च साहेब, एक विचारतो. शंभर नावं जुळवणं दुपारचं काम, मग इतकी वर्षं कुणीच का जुळवली नाहीत? पीएमसीच्या लेखापरीक्षकांनाही अटक झाली होती. शेवटी भांडं फुटलं ते आतल्याच कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला सांगितल्यावर. धाक असता तर ते आधीच बोलले असते, असं मला वाटतं.

जमाखर्च

कारण लेखापरीक्षकाची फी ज्याचे हिशेब तपासायचे तीच बँक देते. हे आधीच लिहायला हवं होतं, आमच्याच धंद्याचं म्हणून हात आखडला. धाकाचं मान्य, पण मोक्क्यात पोलीस अधीक्षकासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो. तो आधी वदवून घेतला जाईल खालच्या कारकुनाकडून. एंट्री त्याच्याच लॉगिनने पडलेली असते ना!

काळा कोट

हा मुद्दा खरा आहे. माई, तुमची पुढची तारीख कधी?

कऱ्हाडची माई

गुरुवारी. अध्यक्षांच्या वकिलांची तब्येत साधारण बुधवारी रात्री बिघडते.