मदत हवी आहे: डेस्कटॉप आत्ता घ्यावा की थांबावं?

नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप २०१४ साली घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी डीडीआर-थ्री रॅम. एसएसडी टाकल्यापासून तक्रार नव्हती. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यात मुलगी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला गेली. ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) कसंबसं चालतं, रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) उघडायलाच दमतं.

अडचण रॅमची आहे. एआयच्या डेटा सेंटरांकडे चिप वळल्यामुळे नव्या डेस्कटॉपमध्ये लागणाऱ्या डीडीआर-फाइव्ह रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी फार चढले. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर क्रुशल हा ग्राहकांसाठीचा रॅमचा ब्रँडच बंद करायचं ठरवलं. दुकानदार म्हणतो, आत्ताच घ्या. भाऊ म्हणतो, थांब. मला दोघांचंही पटतं, म्हणून झोप लागत नाही.

सध्या १६ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवला तर रेव्हिटला पुरेल का? की डीडीआर-फोर, म्हणजे आधीच्या पिढीच्या रॅमचा चांगला वापरलेला संच शोधू? बजेट ६० हजार, मॉनिटर आहे. तिची सबमिशन्स तोंडावर आहेत, स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा.