मदत हवी आहे: नदीतून पकडलेले कार्डिनल टेट्रा भराभर मरतायत

ब्राझीलच्या रिओ निग्रोतून पकडून आलेले कार्डिनल टेट्रा हे छोटे शोभेचे मासे (फार्मचे नाहीत) क्वारंटाइन टाकीत आहेत. आले तेव्हा छान खात होते. आता कल्ले जोरात हलतात, पंख मिटलेले असतात आणि रात्री बरा दिसलेला मासा सकाळी तळाशी मेलेला सापडतो. इक या परजीवी रोगाचे पांढरे ठिपके नाहीत. पण अंधारात बाजूने टॉर्च मारला की पाठीवर बारीक सोनेरी भुकटी चमकते, म्हणून व्हेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगाचा दाट संशय आहे.

टाकी ६० लिटर, मुरलेला (उपयोगी जिवाणू वाढलेला) स्पंज फिल्टर, आरओचं पाणी. पीएच ६.२, टीडीएस (विरघळलेले क्षार) ७०, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. पाणी बदललं, लाइट बंद करून टाकी झाकली, तापमान २६ वरून २९ केलं, एअर वाढवली. तरी मर थांबत नाही, फार वाईट वाटतंय.

कॉपरचं (तांब्याचं) औषध हातात आहे, पण इतक्या मऊ पाण्यात ते माशांनाच जास्त बाधतं, म्हणून घातलेलं नाही. कॉपर कोळंब्यांना मारक असतं, पण त्या वेगळ्या टाकीत आहेत, त्यांची अडचण नाही. मायक्रोस्कोप मिळण्यासारखा नाही.

अशा मऊ पाण्यात टेट्रांचा व्हेल्वेट कोणी बरा केलाय का? कॉपर कमी डोसने द्यावं की अ‍ॅक्रिफ्लेविन हे दुसरं औषध, आणि किती दिवस?