अनुभव धागा: ऐन गेटवर बदललेली सीट

मागच्या महिन्यात आईला घेऊन पुण्याहून दिल्लीला चाललेले. तिच्या गुडघ्यांमुळे जादा पैसे भरून पुढची, वाटेकडेची 4सी घेतलेली, उठायला-बसायला सोपं आणि बाथरूमही जवळ. गेटवर पास स्कॅन केला तर मशीन वेगळंच वाजलं, तिथल्या मुलीने छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी काढली, पेनाने गोल केला, 23ई. म्हणजे मधली! का, तर विमान बदललं म्हणे. मागे ही लाइन, भांडणार तरी किती. आईच म्हणाली, "अगं चल, दोन तासांचा तर प्रश्न आहे." तुमच्याबाबतीत असं झालंय का, पैसे परत मिळाले का, सविस्तर लिहा.

----

चार वर्षं ग्राउंड स्टाफला होतो, शिव्या खाऊन कान किटलेत म्हणून सांगतो. 232 सीटांचं ए321 ऐनवेळी बिघडलं आणि 186 चं ए320 लावलं की 31 च्या पुढच्या रांगाच विमानात नसतात. मग सिस्टिम सगळ्यांना नव्याने बसवते आणि तिला काय कुणाचे गुडघे दिसत नाहीत. सीटचे भरलेले पैसे मागून घ्या, आपणहून येतीलच असं नाही. जुन्या-नव्या दोन्ही पासांचे फोटो काढून ठेवायचे.

----

मुंबई-कोल्हापूर, एटीआर म्हंजे ते छोटं पंख्याचं विमान. निम्मं विमान रिकामं, आम्ही खुशीत पुढं बसलोय तोवर बाई आली, चौघं मागं जावा म्हणाली, वजनाचा तोल साधायचाय. म्हटलं माझ्या एकट्याच्या वजनानं विमान कलंडतंय व्हय? एसटीचा कंडक्टर मागं सरका म्हणतोय तसंच, फक्त इंग्लिशमधनं.

----

आमच्या सासऱ्यांना बदलून एक्झिट रो, म्हणजे आपत्कालीन दाराजवळची रांग दिली होती. ऐसपैस जागा बघून बाबा खूश. मग एअर होस्टेस आली, गरज पडली तर हे दार उघडाल ना, तर बाबा प्रामाणिकपणे म्हणाले, "उघडेन की, पण उजवा खांदा वर जात नाही." झालं, उठवलं. एका फ्लाइटमध्ये तीन सीटा!

----

आमची पाच वर्षांची लेक 9ए, मी 21, नवरा 28. एप्रिल 2024 मध्येच डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने सांगितलंय की 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरच्या एका तरी पालकाशेजारी बसवायचं. काउंटरवर हे बोलले तर उत्तर काय, "मॅम, फ्लाइट फुल है." शेवटी 9बी वाले काका स्वतःहून उठले आणि माझ्या जागी मागे गेले. लेकीने त्यांना अर्धी खाल्लेली चिक्की दिली, ती त्यांनी खाल्लीसुद्धा.

----

मुंबई-लंडन, बिझनेसमधून थेट इकॉनॉमीत. फेब्रुवारी 2023 पासूनचा नियम आहे, 3500 किमीच्या वरच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात असं खाली बसवलं तर करासकट तिकिटाचे 75 टक्के परत. मिळाले, पण चार मेल आणि दोन महिने गेले, त्याआधी नुसतं व्हाउचर गळ्यात मारत होते.

----

मला तर बदलून खिडकी मिळाली! म्हटलं चला, कधी नव्हे ते नशीब उघडलं. जाऊन बसलो तर खिडकीच नाही, नुसती भिंत. बोइंग 737 विमानात डावीकडे दहाव्या-अकराव्या रांगेच्या आसपास एसीचा पाइप वर जातो म्हणून तिथे खिडकी काढत नाहीत, हे घरी आल्यावर कळलं. डोकं टेकायला मात्र झकास, थेट लँडिंगलाच जाग आली.