ला पाल्मा: जीआर १३१ वरच्या खुणा कशा ओळखायच्या?

मार्चमध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावर, जीआर १३१ या पायवाटेने एल पिलारपासून लोस कानारिओसपर्यंत ज्वालामुखींच्या कड्यावरून एकटीच चालणार आहे. धुक्यात वाट सापडेल ना? लाल, पिवळे, हिरवे पट्टे असतात म्हणे. गोंधळलेय.

उत्तर १:
पांढरा-लाल पट्टा म्हणजे जीआर, लांब पल्ल्याची वाट. पांढरा-पिवळा पीआर, म्हणजे त्याहून कमी पल्ल्याची वाट. पांढरा-हिरवा एसएल, म्हणजे स्थानिक छोटी वाट. तुम्ही लाल सोडू नका. पट्टे फुलीसारखे एकमेकांवर दिसले की ती वाट आपली नाही, मागे फिरा.

उत्तर २:
मी हीच वाट चाललेय. काळ्या राखेत पावलं बुजतात, खुणा रंगवायला झाडंही उरत नाहीत. तिथे कडेच्या दगडांच्या ओळी बघत चालायचं. ढग आले तेव्हा मी शेवटच्या पट्ट्यापाशी वीस मिनिटं नुसती थांबले, पुढचा दिसल्यावरच निघाले. तुम्हीही तसंच करा, कळकळीने सांगते. आणि पाणी! कड्यावर थेंब मिळत नाही, मी तीन लिटर नेलं होतं.

उत्तर १:
२०२१ च्या उद्रेकानंतर ताजोगाइते ज्वालामुखीच्या भागातल्या काही वाटा बदलल्या. जुन्या नकाशावर विसंबू नका. बंदीचा फलक दिसला तर ओलांडू नका.

प्रश्नकर्ती:
फुलीचं माहीतच नव्हतं! तीन लिटर पाणी नक्की घेते.