जूनमध्ये लावतो, एप्रिलमध्ये मरतात: गल्लीतले बागकामाचे वर्ग नेमके कशासाठी?

टिळकवाडीचा माळी (चर्चेची सुरुवात)

चार वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही बेळगावातल्या आमच्या रस्त्यावर साठ रोपं लावली. फोटो झाले, पोहे झाले, सगळे खूश. आज त्यातली अकरा उभी आहेत. काही गुरांनी खाल्ली, काही केबलसाठी खणताना उपटली गेली, पण निम्म्याहून जास्त रोपं नुसती वाळली, आणि तीही पहिल्याच उन्हाळ्यात. वाळत असताना मी रोज त्याच रस्त्याने दूध आणायला जात होतो. ते अजून डाचतं.

आता दोन-तीन वॉर्डांतली मंडळं मिळून बागकामाचे वर्ग आणि रविवारचं श्रमदान सुरू करायचं म्हणतायत. शहर सुंदर करूया, ही भावना चांगलीच आहे. पण पुन्हा पाच जूनचा मुहूर्त, पुन्हा खड्डे, पुन्हा रंगवलेले टायर असा बेत दिसला म्हणून हे लिहितोय. बेळगावात जून ते सप्टेंबर रोप जगवायला माणूस लागतच नाही, पाऊस जगवतो. माणूस लागतो फेब्रुवारीपासून पहिला वळीव पडेपर्यंत. माझं म्हणणं एवढंच आहे: वर्ग त्याच तीन-चार महिन्यांत घ्या, आणि लावायला नाही, राखायला शिकवा.

सुरुवात पालापाचोळ्यापासून करावी. टिळकवाडीत, कॅम्पात जुनी मोठी झाडं आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाड्याच्या गाड्या भरतील इतकं पान गळतं आणि सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलं जातं. घनकचऱ्याच्या नियमांत 2016 पासूनच बागेचा कचरा जाळायला मनाई आहे, पण नियम सांगून कोणी काडी खाली ठेवत नाही. पर्याय हाताशी लागतो. तीन फूट रुंदीची जाळी गोल उभी करायची. वीतभर वाळकं पान, त्यावर बोटभर ओला भाजीपाला नाहीतर शेणकाला, पुन्हा पान. नुसतं पान वर्षभर तसंच पडून राहतं, कारण त्यात कर्ब (कार्बन) फार आणि नत्र (नायट्रोजन) अगदी कमी. कर्ब तीस आणि नत्र एक, या प्रमाणाच्या आसपास आलं की ढीग आतून तापतो. हात घातला तर चटका बसेल इतका. मग पंधरा दिवसांनी उलटायचं, आणि मुठीत दाबल्यावर एखादा थेंब यावा इतकीच ओल ठेवायची. मार्चमध्ये रचलेला ढीग नीट सांभाळला तर पावसाळ्याच्या तोंडावर वापरता येतो. जूननंतर मात्र वर ताडपत्री हवी. आपल्याकडच्या पावसात उघडा ढीग सडतो आणि शेजारी भांडायला येतात.

दुसरं, मडकं. रोपाशेजारी भाजलेलं, पण न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण ठेवायचं. पाणी पाझरून थेट मुळांना जातं, उन्हात उडून जात नाही. आणि मडक्यांसाठी आपल्याला लांब कुठं जायचंय? खानापूर आहे की. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थासुद्धा तिथंच आहे.

तिसरं, बुंध्याभोवतीचे पेव्हर्स. झाड मोठं होतं आणि फूटपाथ त्याच्या गळ्याशी येतो. दिल्लीतल्या झाडांबाबत हरित लवादाने 2013 मध्येच बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. ती एक मीटर माती आपल्या गल्लीत मोकळी करणं हे माझ्या मते शंभर रोपं लावण्यापेक्षा मोठं सुशोभीकरण आहे.

कोणाला पटतं, कोणाला नाही, मोकळेपणाने सांगा.

शहापूरकर

काका, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण मी या सगळ्याच्या विरोधात आहे आणि तसं स्पष्ट लिहितो.

झाडांना पाणी घालणं, पान उचलणं, फूटपाथ नीट करणं ही कामं पगारी आहेत. त्यासाठी आपण घरपट्टी भरतो. रविवारी आपण हौसेने झाडू मारला की सोमवारी कोणीतरी म्हणतं, या वॉर्डात लोक स्वतःच करतात, तिथं माणूस कशाला. आमच्या भागात असंच झालं. आम्ही एक छोटा बगीचा हातात घेतला आणि वर्षभरात तिथं येणारा पगारी माणूस बंद झाला. पुढं आमचा उत्साह संपला तेव्हा ना माणूस परत आला, ना बगीचा राहिला. ज्याचा रोजगार गेला तो आमच्याच ओळखीचा होता.

बेळगाव जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं. तेव्हापासून रस्त्यांवर किती काम झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. ती कामं चालू असताना, म्हणजे पेव्हर्स बसायच्या आधी, बुंध्याभोवती एक मीटर सोडा असं सांगायला आपण कुठं होतो? घटनेतच तीन लाखांवरच्या शहरांसाठी वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत. आपल्याकडे 58 वॉर्ड आहेत. आठवड्यातले दोन तास द्यायचे असतील तर ते समितीच्या मागणीला द्या. खुरप्याने जे दहा वर्षांत होणार नाही ते निविदेतल्या एका ओळीने होतं.

येळ्ळूर शिवार

मी शेतकरी आहे. शहरातल्या सुशोभीकरणाबद्दल बोलायचं तर आमच्या शिवारात येऊन बोला ओ.

शहराचं पाणी बळ्ळारी नाल्यात येतं. नाला गाळाने आणि जलपर्णीने भरलेला. जुलैत जोराचा पाऊस झाला की नाला फुगतो, पाणी शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात शिरतं आणि भात दिवसचे दिवस बुडून राहतं. कुजतं. बेळगावचा बासमती म्हणून ज्याचं कौतुक करता, तो याच पट्ट्यातला. तुम्ही अंगण फरशीचं करता, गल्ली पेव्हर्सची करता, गटार सिमेंटचं करता. त्यातलं प्रत्येक काम पाणी मुरण्याऐवजी आमच्याकडे ढकलतं, आणि पूर्वीपेक्षा लवकर ढकलतं. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन गेली, शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा कुंडीत तुळस लावणारे किती जण आमच्या बाजूला उभे होते?

माझा विरोध झाडाला नाही. सुंदर गाव म्हणजे काय, हे फक्त शहरातल्या माणसाने ठरवायला माझा विरोध आहे. हिरवं शिवार हेच या गावाचं सगळ्यात मोठं उद्यान आहे. इथली भाजी गोव्यापर्यंत जाते.

टिळकवाडीचा माळी

शिवारवाले, तुमच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही नव्हतो तिथं. मी स्वतः नव्हतो.

पण बुंध्याभोवतीची माती मोकळी करणं आणि तुमच्या नाल्याचं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे तुम्हीच दाखवून दिलंत. गल्लीत पाणी मुरलं तर तेवढं नाल्यात कमी. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वर्गात हे तुमच्या तोंडून सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

शहापूरकर, त्या माणसाचं काम गेलं ही गोष्ट वाईट झाली. तरी निवेदन मंजूर होईपर्यंत एप्रिल थांबत नाही. रोप आठ दिवसांत वाळतं.

वडगावची अक्का

इथं चाललेलं सगळं बोलणं पुरुषांचं आहे, म्हणून लिहिते. रोपांना पाणी घालणार कोण, याचं उत्तर कोणीच दिलेलं नाही. ते काम शेवटी घरातल्या बाईवर येतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही. ज्या सकाळी येतं त्या सकाळी पिंप, घागरी, टाकी भरण्यात दोन तास जातात. आणि वर्ग कधी? रविवारी सकाळी सात वाजता! म्हणजे ज्यांनी यायचं त्या येऊच शकत नाहीत. नंतर अहवालात महिलांचा प्रतिसाद कमी असं लिहून मोकळे.

आणि शिकवणार काय? दोन वर्षांपूर्वी एका वर्गाला गेले होते. सांडपाण्याचा पुनर्वापर हा विषय. तासभर पडद्यावर चित्रं दाखवली. माझ्या सासूबाईंच्या परसात मोरीचं पाणी केळीला आणि अळूला जायचं, अंघोळीचं कर्दळीला. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. त्यांनी पडद्यावर कधी काही पाहिलं नव्हतं. फरक एकच पडलाय, तेव्हा मोरीत राख आणि शिकेकाई होती, आता साबणाची पावडर आहे, तिच्यातल्या क्षाराने माती कडक होते. म्हणजे धुण्याचं पहिलं पाणी घालू नये, शेवटच्या खळबळणीचं चालतं. हे आम्ही करून बघून शिकलो.

त्यामुळे मी वर्गाच्या बाजूने आहे आणि तुमच्या पद्धतीच्या विरोधात. शिकवायला गल्लीतल्या साठ-सत्तरीच्या बायका बोलवा. त्यांना मानधन द्या, शाल-नारळ नको. वेळ दुपारी चारची ठेवा.

निपाणी नाका

एक धोक्याची सूचना, कारण असे वर्ग आमच्याकडेही होतात. मावा ही कीड मारायला तंबाखूचा काढा फवारा, सेंद्रिय आहे, काही होत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. आमचं गाव तंबाखूचं, म्हणून काढा घरोघरी. निकोटीन हे जहाल विष आहे. ते माव्याबरोबर मधमाशीलाही मारतं आणि कातडीतून माणसाच्या अंगातही भिनतं. शिवाय तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटोवर आणि मिरचीवर जातो. तंबाखू हाताळलेल्या हाताने टोमॅटोचं रोप खुडूसुद्धा नये. झाडातून काढलेलं म्हणून निरुपद्रवी, असं शिकवणारा वर्ग मला नको. निंबोळीचा अर्क, साबणाचं पाणी, संध्याकाळची फवारणी एवढ्यावर बाल्कनीतल्या कुंड्यांचं भागतं.

सीमावासी

मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. वर्गाचा फलक, रोपांच्या पाट्या, सूचना, सगळं कोणत्या भाषेत असणार? मागच्या वेळी आमच्या आईला पत्रक कन्नडमध्ये मिळालं, ती वाचू शकली नाही, गेली नाही. ज्या गल्लीत मराठी बोलतात तिथं मराठीत माहिती मिळणं हा आमचा हक्क आहे. तो सोडून मी कोणत्याही श्रमदानाला येणार नाही.

खानापूर जंगलवाटा

सीमावासी, मराठी पत्रकाची मागणी शंभर टक्के बरोबर. पण पाट्या मराठीतच हव्यात असं म्हणत असाल तर मला पटत नाही. रोपवाटिकेत जाऊन मी करंज मागितला तर तिथला माणूस माझ्याकडे बघत बसतो. होंगे म्हटलं की लगेच काढून देतो. बहावा म्हणजे कक्के, जांभूळ म्हणजे नेरळे, कडुनिंब म्हणजे बेवू, पळस म्हणजे मुत्तुग. दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहा. शेजारच्या कन्नड घरातलं पोरही तेच झाड ओळखायला शिकेल.

झाडं निवडताना पण जरा जपून. आजकाल भराभर वाढतं म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड आणतात. गुजरातने 2023 मध्ये त्यावर बंदी घातली. त्याचे पराग त्रासदायक ठरतात, मुळं नळांत आणि केबलमध्ये घुसतात. आपल्या जांभ्या मातीत जांभूळ, करंज, बहावा, ताम्हण उत्तम येतात. अथणीकडच्या काळ्या रानाचं गणित वेगळं आहे. तिथं पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, आमच्या कणकुंबीकडे त्याच्या कित्येक पट. एकच छापील पुस्तिका जिल्हाभर वाटली तर कामाची नाही.

आणि काका, तुमच्या मूळ मुद्द्याला एक जोड. शेतकऱ्यांसाठी वन खात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजना आहे. तिच्यात पैसे लावलेल्या रोपांना नसतात, जगलेल्या रोपांना असतात, तीन वर्षं, टप्प्याटप्प्याने. गल्लीतही तसंच मोजा. जूनचा आकडा जाहीरच करू नका. मे अखेरचा करा.

शहापूरकर

अक्कांचं मानधनाचं म्हणणं मला मान्य आहे, कारण तिथं कष्टाला किंमत दिली जाते. खानापूरकरांचं मे अखेरच्या मोजणीचंही. पण ही मोजणी श्रमदान करणाऱ्यांनी आपली आपण करून टाळ्या वाजवायची नाही. ज्यांना देखभालीचं कंत्राट मिळतं त्यांच्या बिलाला ती जोडली गेली पाहिजे. जगलेल्या रोपाचंच बिल निघेल, असं लिहून घ्या. मी निवेदनाचा मसुदा करतोय, मराठीत आणि कन्नडमध्ये. बुंध्याभोवती एक मीटर मोकळी माती, वॉर्डात कायमचा एक माळी, आणि वॉर्ड समिती, एवढ्या तीन मागण्या.

टिळकवाडीचा माळी

सही माझी पहिली. मानधनासाठी आमच्या मंडळाच्या गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून पैसे काढायचं मी बैठकीत मांडतो. काही जण नाही म्हणतील, भांडेन. वर्ग मार्चच्या पहिल्या शनिवारी, दुपारी चारला, वडगावात. अक्का, जागा तुम्ही सांगा. वीस मडकी मी खानापूरहून आणतो.

वडगावची अक्का

जागा आहे. शनिवारी पाणी येणार असेल तर आदल्या दिवशी कळवते, मग वर्ग रविवारी चारला घेऊ. शिकवायला तीन आज्ज्या तयार आहेत. त्यातल्या एकीला कन्नडही चांगलं येतं.

येळ्ळूर शिवार

मी मार्चला येतो. पण जुलैत नाला फुगला की तुम्ही सगळे बांधावर यायचं. फावडी आमच्याकडे आहेत.